उघड्यावर उभ्या राहणाऱ्या मोटरसायकलसाठी कव्हर कसं निवडावं

कव्हर घ्यायला आलेला माणूस सहसा एकच प्रश्न विचारतो, "वॉटरप्रूफ आहे ना?" विकणारा हो म्हणतो आणि विषय संपतो. पण पावसात भिजणं ही मोटरसायकलसाठी फार मोठी गोष्ट नाही. ती भर पावसात चालते, पाण्याच्या फवाऱ्याने धुतली जाते, वाऱ्यावर वाळते. तिला जास्त खातात त्या तीन गोष्टी: आत शिरून बाहेर न पडणारी ओल, वर्षानुवर्षांचं ऊन आणि वाऱ्याने फडफडत रंगावर घासणारं कापड. यातल्या दोन तर चुकीच्या कव्हरमुळेच सुरू होतात. भिजून लगेच वाळणारी उघडी गाडी आणि प्लास्टिकखाली महिनाभर घामेजलेली गाडी यांत मी पहिली पत्करेन. म्हणून पुढे पाणी अडवण्यापेक्षा ओल बाहेर काढण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

पायरी १: आधी जागा पाहा

गाडी जिथे उभी राहते तिथे एकदा सकाळी, एकदा भर दुपारी आणि एकदा पाऊस पडून गेल्यावर जाऊन पाहा. ऊन किती तास पडतं, पाणी कुठे साचतं, वारा कोणत्या बाजूने येतो हे कळलं की कव्हरचा अर्धा निर्णय झालेला असतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे गाडीखालची जमीन. माती किंवा गवत असेल तर ऊन चढताच जमिनीतली वाफ सरळ वर येते आणि कव्हरखाली कोंडते. अशा जागी कितीही चांगलं कव्हर आणलं तरी ओल येतच राहते, कारण ती खालून येते. तिथे गाडीखाली जाड प्लास्टिकचा कागद किंवा रबरी मॅट अंथरा. ती गाडीच्या लांबीरुंदीपेक्षा थोडी मोठी आणि किंचित उतारावर असावी, म्हणजे तिच्यावर पाणी साचणार नाही. काँक्रीट किंवा फरशी असेल तर हा खटाटोप लागत नाही.

झाडाखाली उभी असेल तर चीक आणि पक्ष्यांची विष्ठा हे मुख्य शत्रू. विष्ठेत यूरिक आम्ल असतं. उन्हात तापून मऊ झालेल्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, ते बसलं की कायमचा डाग उमटतो. इथे कव्हरचा फायदा निर्विवाद आहे, आणि कापड साधं असलं तरी चालतं. समुद्राजवळ मात्र हिशेब बदलतो. हवेतलं मीठ धातूवर बसतं, ओलावा ओढून घेतं आणि गंजाला वेग देतं. तिथे कव्हरखालची हवा खेळती असणं ही पहिली अट.

आणि शेवटचं, गाडी रोज निघते की महिनोनमहिने उभी राहते? रोजच्या गाडीला हलकं, मिनिटभरात घालता येणारं कव्हर हवं. जड कव्हर घालायचा आठवड्याभरात कंटाळा येतो आणि मग ते घडी घालून कोपऱ्यात पडतं. लांब मुक्कामाच्या गाडीला जाड आणि घट्ट बांधता येणारं कव्हर परवडतं.

पायरी २: कापडाची भाषा समजून घ्या

पाकिटावर दोन प्रकारचे आकडे दिसतात. १९०टी, २१०टी यातला "टी" म्हणजे एका चौरस इंचात उभे आणि आडवे मिळून किती धागे आहेत ते. २१०डी, ३००डी, ६००डी यातला "डी" म्हणजे डेनियर: ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम. पहिला आकडा वीण किती दाट आहे ते सांगतो, दुसरा धागा किती जाड आहे ते. दोन्हींची एकमेकांशी तुलना करू नका. १९०टी कापड साधारण छत्रीच्या कापडाइतकं पातळ असतं. ते छताखाली धुळीपासून वाचवायला ठीक आहे, उघड्यावर एखाद्या मोसमानंतर त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. उघड्यावरच्या गाडीसाठी ३००डीच्या आसपासचं पॉलिएस्टर हा समतोल पर्याय वाटतो. ६००डी टिकाऊ असतं, पण ते जड असतं, ओलं झालं की आणखी जड होतं आणि त्याची घडी डिकीत मावत नाही.

पॉलिएस्टर की नायलॉन? उघड्यावर पॉलिएस्टर. नायलॉन फाटायला चिवट असलं तरी अतिनील किरणांपुढे लवकर हार मानतं. शिवाय ते आपल्या वजनाच्या सुमारे ४ टक्के ओलावा शोषून सैल पडतं. पॉलिएस्टर अर्धा टक्काही शोषत नाही. न विणता दाबून बनवलेल्या पॉलिप्रॉपिलीनची पांढरी-करडी, कागदासारखी कव्हरं मऊ असतात, त्यांतून हवाही जाते, पण उन्हात ती ठिसूळ होऊन चुरा होतात. ती घरातल्या गाडीसाठी ठेवा.

कापडावरचा लेप हा वेगळा विषय आहे. पॉलिएस्टर आपण होऊन पाणी अडवत नाही. आतल्या बाजूचा लेप ते काम करतो. पीव्हीसीचा लेप पाणी पूर्ण अडवतो आणि हवाही. त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उन्हाने हळूहळू निघून जातं, मग तो कडक होऊन तडकतो. तापलेल्या टाकीवर दाबून बसला तर तो रंगाला चिकटूही शकतो. पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप हलका आणि लवचिक असतो, पण उष्ण-दमट हवेत काही वर्षांनी त्याचं विघटन होऊन तो चिकट होतो आणि पापुद्रे निघतात. चंदेरी लेप ऊन परतवतो. मात्र बोट घासल्यावर करडी भुकटी हाताला लागत असेल, तर तो लेप फार दिवस राहणार नाही.

रंगाबद्दल एक गैरसमज आहे की काळं कव्हर उन्हात लवकर कुजतं. ते तापतं जास्त हे खरं, पण काळ्या रंगातला कार्बन अतिनील किरणं अडवतो, त्यामुळे धागा बऱ्याचदा फिक्या रंगाच्या धाग्यापेक्षा जास्त टिकतो. गाडी थंड राहण्यासाठी चंदेरी चांगलं. दोन रंगांच्या कव्हरात चंदेरी भाग वर आणि काळा भाग खाली असतो, तो नुसत्या शोभेसाठी नसतो.

पाणी अडवण्याचा आकडा मिलिमीटरमध्ये देतात. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते झिरपायला लागतं, तो हा आकडा. गाडीच्या कव्हरला सगळीकडे उतार असतो, त्यावर कोणी गुडघे टेकून बसत नाही. म्हणून २००० ते ३००० मिलिमीटर भरपूर झाले. त्याहून मोठ्या आकड्यासाठी जादा पैसे देण्याऐवजी ते चांगल्या शिवणीसाठी द्या.

पायरी ३: हवा जाण्यायेण्याची वाट

निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत थंड होते. कव्हर आधी थंड होतं आणि त्याच्या आतल्या बाजूला दव धरतं. खरी गंमत सकाळी होते. ऊन पडताच कव्हरखालची हवा पटकन तापते आणि जमिनीतली, कापडातली ओल उचलते. इंजिन, डिस्क, शॉकअपचे पाईप हे जाड धातूचे भाग मात्र अजून थंडच असतात. ती गरम दमट हवा त्यांना लागली की त्यांच्यावर पाण्याचा थर जमतो. रात्रभर एक थेंब पाऊस पडलेला नसताना सकाळी इंजिन ओलं का, याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं. "कव्हर गळतंय" म्हणून आणखी घट्ट कव्हर आणलं की त्रास वाढतो.

सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की उघड्या पोलादावर गंज चढण्याचा वेग झपाट्याने वाढतो. सगळ्यात आधी तो दिसतो चेनवर, डिस्कवर, सायलेन्सरच्या बोल्टांवर आणि स्पोकच्या टोकांना. डिस्कवरचा गंज दोनचार ब्रेक मारले की पुसला जातो, त्याची चिंता नको. पुढच्या शॉकअपच्या क्रोम पाईपवर बारीक खड्डे पडले तर मात्र ते ऑइल सील, म्हणजे आतलं तेल अडवणारी रबरी कडी, कापतात, आणि खर्च तिथे सुरू होतो.

म्हणून कव्हरला वरच्या भागात दोन्ही बाजूंना जाळीचे झरोके हवेत आणि प्रत्येक झरोक्यावर खालच्या बाजूला उघडणारी कापडी झडप हवी, म्हणजे पाऊस आत येत नाही. एकच झरोका उपयोगाचा नाही. हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशा दोन वाटा लागतात. खालूनही हवेला वाट मिळते, पण त्यासाठी कव्हर जमिनीला टेकलेलं नसावं. झरोका हातात धरून झडप आतून कशी बसते ते पाहा. काही कव्हरांवर फक्त झडप शिवलेली असते आणि तिच्यामागे कापलेलं भोकच नसतं! ही फसवणूक पाच सेकंदांत उघडी पडते, पण कोणी पाहत नाही.

पायरी ४: शिवण

कव्हर गळतं ते बहुतेक शिवणीतून, कारण सुईचं प्रत्येक छिद्र म्हणजे एक वाट. म्हणून आतून शिवणीवर गरम करून चिकटवलेली पट्टी आहे का ते पाहा. त्याहून महत्त्वाचं, शिवण कुठे आहे? सीट आणि टाकीच्या बरोबर मधोमध वरून जाणारी शिवण टाळा. पाणी तिथेच रेंगाळतं आणि सीटवर झिरपतं. शिवणी बाजूला उतारावर असलेल्या बऱ्या. दुहेरी टाके आणि आरशांच्या जागी जादा कापडाचा थर असेल तर उत्तम, कारण कव्हर सगळ्यात आधी आरशाच्या टोकावर फाटतं.

पायरी ५: माप

एल, एक्सएल, डबल एक्सएल या अक्षरांवर विसंबू नका. एका कंपनीचं एक्सएल दुसरीच्या एलएवढं निघतं. टेप घ्या आणि गाडी स्टँडवर असताना मोजा: पुढच्या टायरच्या पुढच्या कडेपासून मागच्या शेवटच्या टोकापर्यंत लांबी, जमिनीपासून आरशांच्या किंवा विंडस्क्रीनच्या टोकापर्यंत उंची, आणि सगळ्यात रुंद भागाची रुंदी. तो भाग बहुधा हँडल किंवा आरसे असतो, पण लेग गार्ड किंवा सॅडल बॅग लावली असेल तर तीही मोजा. टॉप बॉक्स असेल तर त्याच्यासाठी जागा काढलेलं कव्हरच घ्या. साध्या कव्हरात तो कोंबला की पुढचं टोक वर ओढलं जातं आणि हेडलाइट उघडा पडतो.

नंतर एक सुतळी घ्या. एका बाजूच्या एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) उंचीपासून ती वर न्या, आरशावरून पलीकडे टाका आणि दुसऱ्या बाजूच्या एक्सलपर्यंत आणा. तिथे कव्हरला इतकं कापड हवं. पाकिटावरच्या लांबी-रुंदी-उंचीतून रुंदी आणि उंचीची दुप्पट यांची बेरीज करून ती सुतळीशी ताडून पाहा. कव्हर पाच-दहा सेंटीमीटर मोठं असलं तर ठीक. त्याहून मोठं असेल तर त्याचं शीड होतं, लहान असेल तर शिवणी ताणून उसवतात.

खालची कड जमिनीपासून वीतभर वर राहिली तर उत्तम. टेकलेली कड साचलेलं पाणी शोषून वर चढवते. साइड स्टँडवर गाडी एका बाजूला कलते, त्या बाजूची कड खाली येते, हे मोजताना लक्षात ठेवा.

पायरी ६: वाऱ्याशी गाठ

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. कव्हर घातलेल्या गाडीची वाऱ्यासमोरची बाजू सलग भिंत होते, त्यामुळे साइड स्टँडवरची गाडी वादळात आडवी होऊ शकते. बहुतेक गाड्यांचा साइड स्टँड डावीकडे असतो. वारा उजवीकडून आला तर तो गाडीला स्टँडवरच दाबतो. डावीकडून आला तर तिला उभी करून पलीकडे ढकलतो. म्हणून नेहमीचा वारा गाडीच्या उजव्या बाजूने किंवा समोरून येईल अशी ती लावा, पहिल्या गिअरमध्ये ठेवा आणि हँडल डावीकडे वळवून लॉक करा. माती मऊ असेल तर स्टँडखाली फळी किंवा लोखंडी पट्टी हवीच. वादळाचा इशारा असेल त्या रात्री कव्हर काढून ठेवणं शहाणपणाचं.

रोजच्या वाऱ्यासाठी पुढच्या आणि मागच्या कडेला इलॅस्टिक आणि मधोमध इंजिनखालून जाणारा, बक्कल असलेला पट्टा लागतो. इलॅस्टिक उन्हात दोन-तीन वर्षांत मरतं, पट्टा राहतो. पट्टा नसलेलं कव्हर उघड्यावर घेऊच नका. तो आवळताना मात्र गरम सायलेन्सरला लागणार नाही हे पाहा. पुढच्या चाकाजवळ धातूच्या दोन रिंगा असल्या तर त्यांतून केबल लॉक घालता येतो. रिंगा पितळी असाव्यात. लोखंडी रिंगांच्या गंजाचे ओघळ कापडावर आणि रिमवर उतरतात.

आतल्या मऊ अस्तराबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. टाकीवर चरे पडतात ते कापडाने नाही, कापड आणि रंग यांच्यामध्ये अडकलेल्या धुळीने, आणि मऊ अस्तर ती धूळ धरून ठेवतं. वर ते ओलं झालं की वाळायला दिवस घेतं. विंडस्क्रीन मोठा असेल तर अपवाद करा, कारण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटवर चरे फार लवकर पडतात. तिथे फक्त वरच्या भागाला अस्तर असलेलं कव्हर पुरे.

पायरी ७: उष्णता

पॉलिएस्टर २५० ते २६० अंश सेल्सियसला वितळतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. पॉलिप्रॉपिलीन १६५च्या आसपास वितळतं. पीव्हीसीचा लेप तर १०० अंशांच्या आतच लिबलिबीत होतो. नुकत्याच थांबलेल्या गाडीचा बेंड पाईप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा पाईप, यातलं बरंच काही ओलांडून गेलेला असतो, आणि त्यावर वितळलेलं कापड खरवडून काढणं हे कंटाळवाणं काम आहे. गाडी थांबल्यावर अर्धा तास थांबा. मग सायलेन्सर आणि डिस्कजवळ हात नेऊन पाहा, स्पर्श करू नका. काही कव्हरांना सायलेन्सरच्या जागी ॲल्युमिनियमचा थर असलेलं उष्णतारोधक कापड शिवलेलं असतं. ते उजव्या बाजूला, खाली असतं. तुमच्या गाडीचा सायलेन्सर दोन्ही बाजूंना किंवा सीटखाली असेल तर ते ठिगळ भलत्याच ठिकाणी येणार, हे आधीच तपासा.

पायरी ८: विकत घेण्याआधी हात लावून पाहा

कव्हर उलगडून उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर लेप अर्धवट आहे. कापड चुरगाळून सोडा. पांढऱ्या रेषा उमटल्या तर लेप ठिसूळ आहे, पहिल्या उन्हाळ्यात तडकेल. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून ताणा; टाक्यांची भोकं मोठी होताना दिसली तर ठेवून द्या. तीव्र रासायनिक वास हे स्वस्त पीव्हीसीचं लक्षण असतं.

घरपोच मागवलं असेल तर गाडीवर घालण्याआधी एक चाचणी करा. कव्हरचा शिवण असलेला भाग बादलीच्या तोंडावर खोलगट धरून बांधा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि तासभराने खाली बोट लावून पाहा. शिवण दमटली तर परत करायची मुदत असतानाच कळलेलं बरं.

ताडपत्रीचं काय, असं नेहमी विचारलं जातं. ती कडक असते, कडेने रंग घासते आणि आत हवा जाऊ देत नाही. पण तीच ताडपत्री चार खांबांवर किंवा दोरीवर गाडीच्या हातभर वर ताणली तर उत्तम छप्पर होतं. त्याखाली हवा जाऊ देणारं पातळ कव्हर घाला. जागा असेल तर ही जोडी कोणत्याही महागड्या कव्हरपेक्षा गाडीला जास्त मानवते.

पायरी ९: घालणं, काढणं, वाळवणं

धुळकट गाडीवर कव्हर ओढणं म्हणजे तिला हाताने पॉलिश कागद मारणं. निदान टाकी, सीट आणि आरसे ओल्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. ओल्या गाडीवर कव्हर घालू नका. पावसात परत आलात तर गाडी निथळू द्या, गरम इंजिन उरलेलं पाणी उडवून लावेल. आधी पुढची बाजू आरशांवर चढवा, मग मागे सरका. कापड गाडीवरून ओढू नका, उचलून पसरा. पुढचं टोक चटकन ओळखता यावं म्हणून तिथे रंगीत दोरा शिवून ठेवा.

काढताना दोन्ही बाजू वरच्या दिशेने सीटवर दुमडा आणि मग पुढून मागे गुंडाळा. असं केलं की बाहेरची धूळ बाहेरच्याच बाजूला लागते, आतली बाजू स्वच्छ राहते. ओलं कव्हर घडी घालून ठेवलं तर त्यावर बुरशी येते आणि लेप सुटतो.

गाडी बरेच दिवस उभी असेल तर आठवड्यातून एकदा, कोरड्या दिवशी, दोन-तीन तास कव्हर काढून ठेवा. चेनला तेल लावा, शॉकअपचे पाईप पुसून त्यांवर तेलाचा हलका हात फिरवा. त्याच वेळी सीटखाली आणि एअर फिल्टरच्या डब्यात डोकवा. कव्हरखालची काळोखी शांत जागा उंदरांना आवडते आणि वायरींचं रबर त्याहून जास्त.

कव्हर धुताना थंड पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. वॉशिंग मशीन आणि इस्त्री नको, पिळणंही नको. सावलीत टांगून वाळवा. पाण्याचे थेंब पूर्वीसारखे घरंगळत नाहीत असं दिसलं तर तंबूसाठी मिळतो तो जलरोधक स्प्रे मारता येतो. बारीक छिद्रं आतल्या बाजूने सीम सीलरने, म्हणजे शिवणी बुजवायच्या चिकट द्रवाने, बुजवता येतात. पण आतला लेप पापुद्र्यांसारखा सुटून टाकीवर चिकटायला लागला, किंवा कापड दोन बोटांत धरून ओढल्यावर कागदासारखं फाटलं, तर डागडुजीत वेळ घालवू नका. त्या कव्हरचा चांगला तुकडा कापून बॅटरीवर किंवा सीटवर टाकायला ठेवा आणि सुतळी घेऊन पुन्हा माप काढा. मधल्या काळात टॉप बॉक्स लावला असेल तर जुनं माप चालणार नाही.